सद्वर्तनी हिरव्या शाईची पारख

आपल्याकडील कचेऱ्यांत आणि दप्तरखान्यांत हिरव्या शाईला एक विशिष्ट अधिकार परंपरेने प्राप्त झालेला आहे. राजपत्रित अधिकाऱ्याने दाखल्याच्या नकलेवर केलेली साक्षांकनाची सही, लेखापरीक्षकाने जमाखर्चाच्या रकान्यांपुढे ओढलेल्या खुणा, वरिष्ठाने कनिष्ठाच्या मसुद्यात केलेली दुरुस्ती, ही सर्व हिरव्या रंगात पाहण्याची आपल्या डोळ्यांना इतकी सवय जडली आहे की, त्या रंगाचा शेरा दिसताच वाचणारा किंचित सावरून बसतो. हा शिरस्ता केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र नाही. जर्मनीच्या संघीय मंत्रालयांत फायलीवर शेरा मारण्यासाठी हिरवा रंग मंत्र्याकरिता राखून ठेवलेला असतो. ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफील्ड स्मिथ-कमिंग यांनी, १९०९ साली ते खाते स्थापन झाल्यानंतर, हिरव्या शाईने ‘सी’ एवढे एकच अक्षर लिहून सही करण्याचा जो पायंडा पाडला तो त्यांच्या जागी आलेल्यांनीही पुढे चालविला. आणि चिलीचे कवी पाब्लो नेरूदा यांना तर काव्यलेखनासाठी हिरवीच शाई लागे.

असे असूनही फाउंटन पेनाने लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण हिरव्या शाईची एक बाटली मोठ्या हौसेने विकत घेतात, आठपंधरा दिवस लिहितात, आणि मग ती बाटली कपाटाच्या मागल्या कोपऱ्यात जाते ती कायमचीच. पेन अडू लागते, निबेवर कीट चढते, अक्षर फिके दिसते, नाहीतर कागदावर शाई फुटून ओळीची कड बिघडते. आणि दोष आपल्या निवडीचा असताना ठपका मात्र सबंध रंगावर ठेवला जातो. हिरवा रंग निवडताना आपण दौतीतल्या छटेकडे पाहतो, तिच्या वर्तनाची चौकशी करीत नाही, हेच या निराशेचे मूळ आहे; आणि ती चौकशी कशी करावी हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

शाईचे सद्वर्तन म्हणजे काय, हे प्रथम ठरवून घेतले पाहिजे. पेनाचे टोपण काढताच पहिल्याच रेघेला जी उमटते, लिहिता लिहिता जिचा प्रवाह क्षीण होत नाही आणि अनावरही होत नाही, साध्या कागदावर जी तंतूतंतूंनी पसरत नाही आणि पाठीमागे उमटत नाही, वाजवी वेळात जी वाळते, आणि पेन धुवायला घेतल्यावर साध्या पाण्याने जी निमूटपणे निघून जाते, ती शाई सद्वर्तनी होय. यांपैकी शेवटच्या गुणाची आठवण खरेदीच्या वेळी कोणालाही होत नाही, आणि माझ्या मते सर्वांत अधिक महत्त्व त्यालाच द्यावयास हवे. कारण कागदावरचा दोष त्या पानापुरता असतो, पण पेनात राहून गेलेला दोष त्यानंतरच्या प्रत्येक पानावर प्रकट होत राहतो.

आता हिरव्याच रंगात ही अडचण विशेष का जाणवते, हे पाहण्यासारखे आहे. कित्येक हिरव्या शाया एकाच हिरव्या रंजकद्रव्याच्या नसून निळ्या व पिवळ्या रंजकद्रव्यांच्या मिश्रणातून सिद्ध झालेल्या असतात. ही दोन द्रव्ये पाण्यात जरी गुण्यागोविंदाने नांदत असली, तरी त्यांची विद्राव्यता, कागदाला चिकटण्याची त्यांची प्रवृत्ती आणि प्रकाशापुढे टिकण्याची त्यांची शक्ती ही सारखी असतेच असे नाही. याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. टीपकागदाची बोटभर रुंदीची एक पट्टी घ्यावी, तिच्या खालच्या टोकापासून थोडे वर शाईचा एक ठिपका द्यावा, आणि ते टोक ठिपक्याला पाणी लागणार नाही अशा बेताने पेल्यातल्या पाण्यात टेकवून पट्टी उभी धरावी. पाणी वर चढू लागले की ठिपक्यातील द्रव्ये आपापल्या गतीने त्याच्याबरोबर निघतात, आणि काही मिनिटांतच एका हिरव्यातून निळा, पिवळा, क्वचित करडा असे पट्टे वेगळे झालेले दिसतात. ज्या शाईचे घटक फार दूरदूर पांगतात, तिच्या ओलसर अक्षराभोवती पिवळट किंवा निळसर प्रभावळ उठण्याचा संभव अधिक असतो, आणि त्यांतले एखादे द्रव्य आधी विटले म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी अक्षराचा रंगच पालटलेला आढळतो. एकाच द्रव्याच्या हिरव्या शाईत हा धोका नाही. पण तेथे दुसरा आहे. मॅलाकाइट ग्रीनसारखे जुने हिरवे रंजक तीव्र आम्लात पिवळे पडते व तीव्र अल्कधर्मी द्रवात रंगहीन होते. म्हणजे द्रवाच्या आम्लतेवर रंग अवलंबून राहण्याचा स्वभाव या कुळात मूळचाच आहे. म्हणूनच दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या शाया एकत्र मिसळून मनाजोगी हिरवी छटा साधण्याचा जो मोह अनेकांना होतो, तो त्यांनी कटाक्षाने टाळावा; रंग बिघडला तर हानी थोडी, पण एक शाई आम्लधर्मी व दुसरी अल्कधर्मी निघाली आणि पेनाच्या पोटात साका धरला, तर ते पेन दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावे लागते.

छटेचा विचार सौंदर्याच्या दृष्टीने पुष्कळ होतो, वाचनीयतेच्या दृष्टीने थोडा. मनुष्याच्या डोळ्याची संवेदनक्षमता दिवसाच्या उजेडात सर्वाधिक असते ती ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे नेमकी पिवळसर हिरव्या रंगापाशी. याचा परिणाम असा की, पोपटी किंवा कोवळ्या पानासारखी हिरवी शाई डोळ्याला उजळ भासते आणि पांढऱ्या कागदाशी तिचा जो विरोध साधायला हवा तो साधतच नाही. दोन ओळी मोहक दिसतात, दोन पाने वाचताना डोळे शिणतात. अशा शाईने लिहिलेल्या मजकुराची काळी-पांढरी छायाप्रत काढली असता अक्षरे पुसटच उमटतात, आणि चेकवर तर प्रतिमेत स्पष्ट दिसेल अशीच शाई वापरावयाची असल्यामुळे तिला तेथे थाराच नाही. आपल्या कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आलेला हिरवट लेजर कागद ज्यांना रोज हाताळावा लागतो, त्यांनी तर फिकट हिरव्याचा विचारच मनात आणू नये. ज्यांना शेरे, सह्या आणि दीर्घ लेखन या तिन्हींसाठी एकच हिरवी शाई हवी आहे, त्यांनी निळ्याकडे झुकणारी किंवा काळ्याकडे झुकणारी गडद छटा पसंत करावी, असे मी निःसंकोचपणे सुचवीन. येथे शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते: एकाच वहीत चुकांसाठी लाल आणि सूचनांसाठी हिरवा रंग वापरताना, हे दोन रंग ज्यांना वेगळे ओळखता येत नाहीत अशी मुले, आणि त्यांतही मुलगेच अधिक, प्रत्येक शाळेत असतात हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

परंतु गडद म्हणजे दाट नव्हे, आणि हा भेद न कळल्यामुळेच निबेवर कीट चढण्याचा त्रास अनेकांच्या वाट्याला येतो. रंगाला तेज यावे म्हणून काही शायांत रंजकद्रव्याचे प्रमाण पाण्याच्या धारणशक्तीच्या सीमेपर्यंत नेलेले असते. पेन टोपणात मिटलेले असले तरी निबेच्या फटीतून आणि तिच्या छिद्रातून पाण्याचा अंश हळूहळू उडून जातच असतो. पाणी गेले की विरघळून राहण्यास जागा न उरलेले रंजक स्फटिकरूपाने फटीच्या कडेवर जमते, त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांतून आणखी शाई वर ओढली जाते, तीही वाळते, आणि चार दिवसांत निबेवर हिरवट-सोनेरी पापुद्रा तयार होतो. हे कीट धातूला खात नाही, ओल्या फडक्याने ते पुसलेही जाते; पण जे निबेवर दिसते तेच निबेखालच्या जिभेच्या खाचांतही चालू आहे असे समजावे, आणि शाईचा ओघ जाणाऱ्या त्या केसाएवढ्या वाटा एकदा आखडल्या म्हणजे पेन ओळीच्या मध्यावरच कोरडे पडू लागते. उत्तम शाईत हे घडू नये म्हणून ग्लिसरिनसारखी ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये थोड्या प्रमाणात घातलेली असतात. ती प्रमाणाबाहेर झाली तर कीट चढत नाही, पण अक्षर वाळत नाही. शाई करणाऱ्याची कसोटी लागते ती या तोलात.

कोणती शाई उत्तम, या प्रश्नाला पेन कोणते हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखे जे एबोनाइटचे, ड्रॉपरने भरावयाचे पेन आपल्याकडे अनेक घरांत मानाने नांदत आले, त्याची जीभ बहुधा उदार असते आणि पोटात शाई पुष्कळ मावते. ती निम्म्याखाली आली की हाताच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावून शाईला बाहेर ढकलते आणि कागदावर डाग पडतो. अशा पेनाला जिचा ओघ मुळातच संयत आहे अशी, शाईशौकिनांच्या परिभाषेत ‘कोरडी’ शाई द्यावी. जर्मनीच्या पेलिकन कारखान्याच्या ४००१ मालिकेतील शाया या बाबतीत ख्यातनाम आहेत; त्यांतील ‘ब्रिलियंट ग्रीन’ ही उजळ असल्याने खुणांपुरती ठीक, तर ‘डार्क ग्रीन’ ही दीर्घ लेखनास योग्य. याउलट बारीक निबेचे, हात आखडून शाई देणारे पेन असेल, तर त्याला ‘ओली’ शाई मानवते. फ्रान्समध्ये तयार होणारी वॉटरमनची ‘हार्मोनियस ग्रीन’, जी पूर्वी केवळ ‘ग्रीन’ या नावाने मिळे, ही निळसर पाचूच्या छटेची असून वॉटरमनच्या शाया एकंदरीतच पेनाला निरुपद्रवी म्हणून नावाजलेल्या आहेत. जुन्या, रबरी नळीच्या पेनांतही त्या निर्धास्तपणे भरल्या जातात. जपानच्या पायलट कंपनीने २००७ साली इरोशिझुकू नावाची जी मालिका काढली तिच्यातील ‘शिन-र्योकू’, म्हणजे घनदाट अरण्याचा गडद हिरवा, ही प्रवाहीपणा आणि सहज धुतले जाणे या दोन्ही गुणांत मला श्रेष्ठ वाटते. किंमत मात्र चढी आहे. इंग्लंडमध्ये १८६४ साली स्थापन झालेल्या डायमाइनची ‘शेरवूड ग्रीन’ ही गडद व गंभीर असून ती ३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतही मिळत असल्याने परीक्षेसाठी सोयीची पडते. त्याच घराण्याची ‘ग्रीन-ब्लॅक’ ज्यांना हिरव्याचा आभास हवा पण प्रदर्शन नको त्यांच्यासाठी.

स्वदेशी शायांविषयी आपल्याला ममत्व असणे स्वाभाविक आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईच्या पुड्या व वड्या करण्यास प्रारंभ केला आणि त्यातूनच पुढे कॅम्लिनचा पसारा उभा राहिला, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. बंगालमध्ये मैत्र बंधूंनी १९३४ साली सुरू केलेली ‘सुलेखा’ ही तर स्वातंत्र्यचळवळीच्या प्रेरणेतूनच जन्मली. शाळकरी वयापासून परिचित असलेल्या अशा देशी शाया स्वस्त असतात, सर्वत्र मिळतात आणि आपल्या साध्या कागदाशी त्यांचे सहसा जुळते. तेव्हा प्रथम त्यांच्या हिरव्या शाईची परीक्षा घ्यावी, आणि ती उतरली तर पुढे जाण्याचे कारणच काय? मात्र दुकानात एक खबरदारी घ्यावी. चित्रकलेच्या साहित्याच्या फळीवर हिरवी ‘ड्रॉइंग इंक’ ही असते, आणि ती जलाभेद्य आहे या वाक्याला भुलून काहीजण ती फाउंटन पेनात भरतात. तिच्यात लाखेसारखे बंधकद्रव्य असते. ते वाळले की जिभेच्या खाचा बुजतात, आणि मग पाण्याने काहीही साधत नाही. बाटलीवर फाउंटन पेनासाठी असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती शाई घेऊच नये.

सौंदर्यासाठीच निर्माण झालेल्या शायांविषयी दोन शब्द. फ्रान्सच्या जे. हर्बिन या जुन्या घराण्याने २०१५ साली ‘एमराल्ड ऑफ चिव्होर’ नावाची शाई काढली. कोलंबियातील पाचूच्या खाणीचे नाव धारण करणाऱ्या या निळसर हिरव्या शाईत सोनेरी कण तरंगतात आणि दाट वाळलेल्या जागी तांबडी झाक मारते. ती विलोभनीय आहे यात संशय नाही. लग्नपत्रिकेवरील नावे लिहावीत, मानपत्राचे मथळे रेखावेत, ते तिनेच. परंतु कण तळाशी बसतात, जिभेत अडकतात, आणि झाक मारणारे दाट रंजक कागदाच्या पृष्ठभागीच राहिल्याने हात लागताच फरफटते. रोजच्या टिपणवहीसाठी ही शाई नव्हे.

टिकाऊपणाचा प्रश्न थोडक्यात उरकतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक हिरव्या शाया रंजकद्रव्याच्या आहेत आणि पाण्याचा थेंब पडताच त्यांचे अक्षर पसरते. पावसाळ्यात टपालात टाकावयाच्या पाकिटावरचा पत्ता, दस्तऐवज, मृत्युपत्र, नोंदवही, यांना त्यांचा उपयोग करू नये. हिरवाच रंग हवा असेल तर सूक्ष्म रंगकण असलेली ‘पिगमेंट’ शाई घ्यावी. जर्मनीच्या डी अट्रामेंटिसच्या ‘डॉक्युमेंट’ मालिकेत हिरवी व गडद हिरवी अशा दोन्ही मिळतात. त्या पाण्याला व उजेडाला दाद देत नाहीत. पण ज्या गुणामुळे त्या कागदावर टिकतात त्याच गुणामुळे पेनातही टिकतात, म्हणून रोज न लिहिणाऱ्याने त्या भरू नयेत.

कागद आणि हवामान यांचा परिणाम आपण मानतो त्याहून मोठा असतो. जी शाई विदर्भातल्या वैशाखात निबेवरच वाळून पहिली दोन अक्षरे चुकवते, तीच कोकणातल्या आषाढात दमट झालेल्या वहीवर फुटते आणि वाळता वाळत नाही. म्हणून एखाद्या परदेशस्थ परीक्षकाने गुळगुळीत, उत्तम खळ दिलेल्या कागदावर लिहून दिलेला अभिप्राय आपल्या दोनशे पानी वहीला लागू पडेलच असे गृहीत धरू नये. परीक्षा आपल्या पेनाने, आपल्या कागदावर, आपल्या ऋतूत घ्यावी.

ती परीक्षा अशी घ्यावी. पेन पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे, कारण आधीच्या निळ्या शाईचा अंश राहिला तर हिरव्याचा खरा रंगही कळत नाही आणि खरा स्वभावही नाही. शाई भरून आपल्या नेहमीच्या कागदावर पानभर, नेहमीच्याच वेगाने लिहावे. भिंगातून अक्षराची कड पाहावी, पान उलटून पाठ पाहावी. नंतर टोपण लावून पेन तीन-चार दिवस मुद्दाम तसेच ठेवावे, आणि मग काहीही न झटकता पहिली रेघ ओढावी. ही रेघ उमटली नाही तर त्या शाईच्या रंगाची कितीही प्रशंसा ऐकली असली तरी ती आपल्या पेनासाठी नाही. दोन आठवडे लिहून झाल्यावर निबेवर आणि टोपणाच्या आत काय जमले ते पाहावे, आणि पेन धुताना पाणी निवळायला किती वेळ लागतो याकडे लक्ष द्यावे. चार-पाच वेळा पाणी बदलूनही हिरवट छटा येतच राहिली तर पारदर्शक पेनात ती शाई न भरलेली बरी. याच सुमारास लिहिलेल्या एका पट्टीचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून ती खिडकीच्या उन्हात महिनाभर ठेवावी. झाकलेल्या व उघड्या भागांतील अंतर पाहिले की टिकाऊपणाविषयी आणखी कोणाला विचारावे लागत नाही.

पेन धुण्यास थंड किंवा कोमट पाणी पुरते. फार झाले तर भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एखादा थेंब. उकळते पाणी एबोनाइटचा रंग उडवते आणि स्पिरिट कित्येक प्लास्टिकांना तडे पाडते, म्हणून दोन्ही वर्ज्य समजावीत. हिरवी शाई चालू असलेले पेन दर भरणीला नाही तरी महिन्यातून एकदा अवश्य धुवावे, आणि ज्याने पंधरा दिवस लिहावयाचे नाही ते रिकामे करूनच ठेवावे. बाटली उन्हापासून दूर, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवावी. पृष्ठभागावर पांढरट साय किंवा तंतू दिसले, अथवा कुबट वास आला, तर ती बुरशी होय, आणि ती शाई गाळून वापरण्याच्या भानगडीत न पडता फेकून द्यावी.

आपल्यापैकी ज्यांच्यापाशी ओघवते पेन आहे त्यांनी पेलिकनच्या गडद हिरव्यापासून, आणि ज्यांचे पेन आखडते आहे त्यांनी वॉटरमनच्या हिरव्यापासून प्रारंभ करावा. बाटली मिळेल तितकी लहान घ्यावी, आणि पेनातून काढलेली शाई पुन्हा बाटलीत कधीही ओतू नये.